शाळेत आपत्तीची तयारी शिकवायची आहे? नव्याने जबाबदारी आलेल्या शिक्षकांसाठी

आपत्ती व्यवस्थापनाची जबाबदारी शाळेत कुणी हौसेने मागून घेत नाही, ती बहुधा गळ्यात पडते. मग जे सोपं तेच आधी सुचतं: पोस्टर स्पर्धा, निबंध, बाहेरचा वक्ता बोलावून तासभर व्याख्यान. यात वाईट काही नाही. पण जमीन हलू लागल्यावर मुलाच्या हातात दोन-तीन सेकंद असतात आणि तेव्हा निबंध आठवत नाही. अंगवळणी पडलेलं असतं तेवढंच घडतं. म्हणून हा विषय सांगण्याचा कमी आणि करून घेण्याचा जास्त आहे, हे धरूनच वर्षाचं नियोजन करा.

१. आधी तुमच्या शाळेचे धोके ठरवा

भूकंप, पूर, वादळ, वीज, दरड, त्सुनामी, वणवा असं सगळं एकाच तासात उरकलं की मुलांच्या डोक्यात खिचडी होते. भूकंपात टेबलाखाली जायचं आणि पुरात वर चढायचं, या दोन गोष्टींची अदलाबदल होणं जिवावर बेतू शकतं. तुमच्या जागेला खरोखर लागू असलेले दोन-तीन धोके निवडा. प्रशासनाचे धोक्याचे नकाशे बघा, परिसरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, शाळेमागच्या उताराकडे एकदा नीट बघून घ्या. आग मात्र यादीत असायलाच हवी, कारण इमारतीबाहेर शिस्तीत पडण्याचा सराव बाकीच्या बऱ्याच प्रसंगांत कामी येतो.

मग मोठ्या वर्गातली पाच-सहा मुलं बरोबर घेऊन शाळेची फेरी मारा. मुलांना जे दिसतं ते आपल्या नजरेतून सुटलेलं असतं. बघायचं ते असं: भिंतीला न ठोकलेली कपाटं आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलेल्या ट्रॉफ्या, बाकांना लागून असलेल्या काचेच्या खिडक्या, प्रयोगशाळेत वरच्या फळीवरच्या आम्लाच्या बाटल्या, आत उघडणारे दरवाजे, जिन्याखाली रचलेले मोडके बाक. आणि हमखास सापडणारा दोष म्हणजे दुसऱ्या जिन्याला किंवा मागच्या फाटकाला लावलेलं कुलूप, ज्याची किल्ली कुणाकडे आहे हे विचारत फिरावं लागतं. कपाट भिंतीला एल पट्टीने पक्कं करणं आणि ते कुलूप काढणं, एवढं जरी पहिल्या महिन्यात झालं तरी पोस्टरांपेक्षा मोठं काम झालं.

मैदानाच्या कुंपणाची भिंतही तपासा. जपानमधल्या २०१८ च्या ओसाका भूकंपात एका प्राथमिक शाळेच्या पोहण्याच्या तलावाभोवतीची काँक्रीट ब्लॉकची भिंत रस्त्यावर कोसळली आणि शाळेत येणारी नऊ वर्षांची मुलगी तिच्याखाली सापडली. इमारत धड, भिंत घातक, असं असू शकतं.

२. लागणारं सामान आणि कागद

- प्रत्येक वर्गाची हजेरी यादी, कागदावर, दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेली. संगणकातली यादी वीज गेली की गेली.
- मुलाला शाळेतून कोण नेऊ शकतं याचा पालकांनी सही केलेला फॉर्म. त्यात किमान तीन नावं.
- दमा, फिट्स, मधुमेह, ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी आणि त्यांची औषधं कुठे आहेत त्याची नोंद.
- शाळेचा हाताने काढलेला नकाशा: जिने, फाटकं, विजेचा मेन स्विच, गॅसचा कॉक, पाण्याची टाकी.
- प्रत्येक शिक्षकाकडे शिट्टी आणि पत्त्याएवढी दोन कार्डं, एक हिरवं, एक लाल.
- हातात धरायचा भोंगा, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी. पेटी उघडून बघा. बँडेजं संपलेली आणि मलमाची मुदत उलटलेली असते.
- सरावासाठी स्टॉपवॉच आणि वही.

३. कोणत्या वयाला काय

पहिली-दुसरीच्या मुलांना कारणं नकोत, कृती द्या. एक खेळ, एक घोषवाक्य, रोज तीस सेकंद. तिसरी ते पाचवीला 'का' हवं असतं: टेबलाखाली का, लिफ्ट का नको. सहावीपासून पुढे निर्णय घ्यायला शिकवा, म्हणजे ठरलेला रस्ता बंद असेल तर काय. आठवी-नववीच्या मुलांना रक्तस्राव थांबवणं जमतं: स्वच्छ कापडाची घडी करून जखमेवर घट्ट दाब द्यायचा आणि थांबला का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. हे एकमेकांच्या हातावर करून घ्या.

४. भूकंप: झुका, झाका, धरा

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. कृती तीन भागांची आहे. हादरा बसताच गुडघ्यांवर आणि हातांवर खाली या, म्हणजे जमीन तुम्हाला पाडणार नाही. टेबलाखाली शिरून डोकं आणि मान झाका. एका हाताने टेबलाचा पाय धरा, दुसरा हात मानेवर ठेवा. टेबल सरकलं तर आपणही त्याच्याबरोबर सरकायचं.

इथे पहिली अडचण येते ती बाकांची. फळी आणि बसायची जागा जोडलेल्या बाकाखाली नववीतलं मूल मावत नाही, आणि दप्तर ठेवायचा कप्पा खाली आलेला असेल तर चौथीतलंही नाही. म्हणून शिकवण्याआधी प्रत्येक मुलाला खरोखर आत शिरून बघायला लावा. मावत नसेल तर दोन बाकांच्या मधल्या जागेत, डोकं बाकाच्या पातळीखाली ठेवून, गुडघ्यांवर वाकून बसायचं आणि डोक्या-मानेवर दप्तर धरायचं. खिडकीलगतच्या रांगेने पाठ काचेकडे करायची.

दुसरी अडचण वेळेची. सरावात मुलं दहा सेकंदांत डोकी बाहेर काढतात, कारण कंटाळा येतो. मोठ्याने साठपर्यंत मोजायला लावा. ११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर जमीन काही मिनिटं हलत होती. दहा सेकंदांची सवय तिथे अपुरी पडते. मोजण्याचा आणखी एक फायदा असा की मोजणारं मूल किंचाळत नाही.

हादरे चालू असताना बाहेर पळायचं नाही. बऱ्याच जखमा पळताना पडून आणि वरून कोसळणाऱ्या वस्तूंनी होतात, आणि भिंतींच्या कडेची जागा सगळ्यात वाईट, कारण काचा, विटा, छज्जे तिथेच पडतात. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा जुना सल्ला विसरा. आजच्या इमारतींत चौकट बाकीच्या भिंतीपेक्षा मजबूत नसते आणि झोके घेणारं दार बोटं चिरडतं. मोबाइलवर फिरणारा 'जीवनत्रिकोण', म्हणजे टेबलाखाली न जाता त्याच्या शेजारी आडवं व्हायचा सल्ला, पालक हमखास पाठवतात. शाळेत तो शिकवू नका. बहुतेक भूकंपांत इमारती पूर्ण भुईसपाट होत नाहीत. वस्तू पडतात, आणि त्यांच्यापासून आडोसा हवा असतो.

याला एक अपवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ वाजता किल्लारीत जीव गेले ते प्रामुख्याने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचं मातीचं वजनदार छत कोसळून. अशा बांधकामात टेबलाचा उपयोग फारसा नाही. तुमच्या शाळेची एखादी खोली अशी बैठी आणि मातीत बांधलेली असेल, आणि दार दोन-चार पावलांवर मोकळ्या जागेत उघडत असेल, तर त्या खोलीसाठी नियम वेगळा ठरवा: पहिल्या हलक्या हादऱ्याला बाहेर. हे अंदाजाने ठरवू नका. एखाद्या स्थापत्य अभियंत्याला वर्ग दाखवा.

'हलका हादरा आधी' हे मुलांना समजावायला स्प्रिंगचं लांब खेळणं घ्या. दोन मुलांनी टोकं धरायची. एकाने आत ढकललं की दाबाची लाट सरळ धावते, बाजूला झटका दिला की नागमोडी लाट जाते. जमिनीतही असेच दोन प्रकार असतात. दाबाची लाट वेगाने येते आणि सौम्य असते. नागमोडी मागून येते आणि जोरात हलवते. केंद्र दूर असेल तर दोहोंमध्ये काही सेकंद मिळतात, अगदी जवळ असेल तर जवळपास नाहीच. म्हणून पहिल्या धक्क्याला 'ट्रक गेला असेल' म्हणायचं नाही, खाली जायचं.

मैदानावर असाल तर इमारत, झाडं, तारांपासून दूर जाऊन खाली बसा. प्रयोगशाळेत बर्नर बंद करा, पण तो हाताशी असेल आणि तेवढं जमत असेल तरच. हादरा थांबला की बाहेर. आणि बाहेर जाताना पुन्हा धक्का आला तर जिथे आहात तिथेच पुन्हा खाली.

५. बाकीच्या धोक्यांचे नेमके आकडे

मुलांना 'काळजी घ्या' हे वाक्य कळत नाही, आकडा कळतो.

*पूर.* वाहतं पाणी जेमतेम १५ सेंटीमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो; ३० सेंटीमीटरला लहान गाडी तरंगू लागते, ६० ला बहुतेक वाहनं वाहून जातात. फळ्याशेजारी भिंतीवर या तीन उंचींच्या रेघा मारा. घोट्याच्या जरा वरची पहिली रेघ बघून मुलं गप्प होतात. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, हे सातवीच्या पुढे सांगा. गढूळ पाण्याखाली गटाराचं झाकण आहे की नाही ते दिसत नाही. शाळा सुटताना रस्त्यावर पाणी असेल तर मुलांना सोडू नका. शाळेतच वरच्या मजल्यावर थांबवा. घरी जायच्या घाईत धोका जास्त असतो.

*वीज.* लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की मैदान रिकामं करायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. पाऊस थांबला की लगेच खेळ सुरू करणं हीच नेहमीची चूक. पक्की इमारत किंवा काचा वर केलेली, पत्र्याच्या टपाची मोटार चालते. झाड, उघडी शेड, तंबू चालत नाही. वीज पडलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात विद्युतभार राहत नाही. श्वास बंद असेल तर छातीदाब लगेच सुरू करावा लागतो.

*चक्रीवादळ.* मध्येच वारा पडला, आकाश उजळलं, तर ते वादळ संपल्याचं लक्षण असेलच असं नाही. केंद्र डोक्यावरून जात असतं आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेने तितकाच जोर येतो. अधिकृत सूचना येईपर्यंत दार उघडायचं नाही.

*दरड.* उतारावर नवी भेग, कललेले खांब किंवा झाडं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, दारं चौकटीत अडकू लागणं, ही आधीची लक्षणं. निसटायचं ते दरडीच्या वाटेतून आडवं, बाजूला. ओढ्याच्या दिशेने खाली नाही.

*त्सुनामी.* किनाऱ्यालगतच्या शाळांसाठीच. लांब किंवा जोरदार हादरा, समुद्र अचानक आत ओढला जाणं, मोठी गाज: यातलं एक जरी दिसलं तरी भोंग्याची वाट न बघता उंचावर. पहिली लाट सगळ्यात मोठी असतेच असं नाही आणि लाटा तासन्‌तास येत राहतात.

६. मॉक ड्रिल: चुका बाहेर काढण्यासाठी

ड्रिलमध्ये सगळं सुरळीत झालं की फोटो निघतात आणि अहवाल जातो. खरं तर ज्या ड्रिलमध्ये काहीच चुकलं नाही ती फार सोपी ठेवली होती, असं समजा. पायऱ्या अशा चढवा:

पहिल्यांदा एकाच वर्गात, सांगून, सावकाश. मग मजल्यापुरती. मग अख्खी शाळा, दिवस सांगून वेळ न सांगता. त्यानंतर अडथळा घाला: जिन्याच्या तोंडाशी एक शिक्षक 'रस्ता बंद' पाटी घेऊन उभा करा. पुढची मधल्या सुट्टीत घ्या, जेव्हा मुलं नळावर, स्वच्छतागृहात आणि मैदानात विखुरलेली असतात. २००५ चा काश्मीरचा भूकंप सकाळी शाळा भरलेली असताना झाला, २०१५ चा नेपाळचा शनिवारी, सुट्टीच्या दिवशी. तिसऱ्या तासाला ठरवून होणाऱ्या सरावाने मुलं फक्त तिसऱ्या तासाला तयार होतात.

बाहेर पडताना चार नियम, जे जपानी शाळांत लहानपणापासून घोटले जातात: ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. जिन्याला जवळचा वर्ग आधी, खालचा मजला वरच्याच्या आधी, शिक्षक सगळ्यात शेवटी. दप्तर भरत बसायचं नाही. भूकंप आणि आग यांचे इशारे वेगळे ठेवा, नाहीतर एकच घंटा ऐकून अर्धा वर्ग टेबलाखाली आणि अर्धा जिन्यात, हा गोंधळ ठरलेला. घंटा विजेवरची असेल तर शिट्टीची खूणही ठरवा.

जमण्याची जागा इमारतीच्या उंचीइतक्या अंतराच्या पलीकडे हवी. तारा, टाकी, कुंपणभिंत यांच्याखाली नको. आणि एक जागा पुरत नाही. हे समजायला जपानमधल्या २०११ च्या त्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीतली दोन ठिकाणं बघावीत. ओकावा प्राथमिक शाळेच्या आराखड्यात जवळची मोकळी जागा किंवा बाग एवढंच मोघम लिहिलेलं होतं. भूकंपानंतर मुलं मैदानात जमली, हजेरी झाली, आणि पुढे कुठे जायचं हे ठरण्यात पन्नासएक मिनिटं गेली. मागेच टेकडी होती. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. त्याच दिवशी कामाइशी शहरातल्या उनोसुमाई भागात माध्यमिक शाळेची मुलं ठरलेल्या जागी पोचली, मागचा कडा ढासळताना दिसला म्हणून तिथे न थांबता आणखी वर गेली, शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलं त्यांच्याबरोबर, आणि तिथूनही आणखी वर. मुलं वाचली. त्यांच्या शाळा नकाशावर पाण्याच्या रेषेबाहेर होत्या, म्हणजे नकाशाच्या हिशेबाने त्यांना धोका नव्हता. तिथे काही वर्षं आपत्तीची तयारी शिकवणाऱ्या प्राध्यापक तोशिताका कातादा यांची तीन सूत्रं होती: अंदाजावर विसंबू नका, त्या क्षणी शक्य ते सगळं करा, आणि पहिले निघणारे तुम्ही व्हा.

म्हणून तुमच्या आराखड्यात पहिली जागा, दुसरी जागा, आणि 'कुठली गोष्ट दिसली की दुसरीकडे निघायचं' ही खूण, तिन्ही लिहा. निर्णय कोण घेणार आणि ती व्यक्ती त्या दिवशी रजेवर असेल तर कोण, हेही. नावं तीन हवीत.

ड्रिल संपल्यावर वर्गात पाच मिनिटं: काय अडलं, कुणाला ऐकू आलं नाही, काय बदलू? उत्तरं वहीत तारखेसह लिहा. त्यातली एक तरी दुरुस्ती पुढच्या ड्रिलच्या आत झालेली मुलांना दिसली पाहिजे. नाहीतर तीही नाटक समजून करतात.

७. हजेरी आणि ताबा

मैदानात पोचल्यावर शिक्षकाने नाव घेऊन मोजणी करायची, डोकी मोजून नाही. सगळी मुलं असली तर हिरवं कार्ड वर, एकही कमी किंवा जखमी असेल तर लाल. लांबून एका नजरेत कळतं. एकटं सापडलेल्या मुलाने आपला वर्ग शोधत फिरायचं नाही. जवळच्या रांगेत उभं राहायचं, ती रांग नाव कळवेल. हे मुलांना आधी शिकवा, कारण स्वच्छतागृहातून आलेलं मूल हमखास उलटं, वर्गाकडे धावतं.

ताबा देणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. खऱ्या प्रसंगी पालक फाटकावर धडकतात आणि ओळखीचा चेहरा बघून मूल सोडलं जातं. मग खरे वडील येतात आणि मूल सापडत नाही. एकाच फाटकातून, फॉर्ममधलं नाव पडताळून, सही आणि वेळ लिहून द्या. पालकसभेत हे एकदा करून दाखवा.

८. ज्या मुलांना वेगळी मदत लागते

चाकाच्या खुर्चीतल्या मुलाने ब्रेक लावायचा, पुढे वाकायचं, डोकं-मान हातांनी झाकायची. जिन्यावरून न्यायला दोन ठरलेले मोठे लोक आणि एक राखीव. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी दिवा उघडझाप किंवा शेजाऱ्याचा खांद्यावर हात. आवाजाने बिथरणाऱ्या मुलाला ड्रिलची तारीख आदल्या दिवशी सांगा, कानावर लावायचं साधन द्या. आणि काय सोयीचं पडेल हे त्या मुलालाच विचारा.

९. घरी जाणारा अभ्यास

एका कागदावर चार प्रश्न: घरात आडोसा कुठे? बाहेर भेटायच्या दोन जागा कोणत्या? दुसऱ्या गावातला कोणता नातेवाईक सगळ्यांचे निरोप घेईल? मेन स्विच आणि गॅस कोण बंद करेल? आपत्तीत फोन लागत नाहीत, पण छोटा लेखी संदेश बऱ्याचदा जातो. निरोप घेणाऱ्याचा नंबर मुलाला पाठ हवा. मोबाइलमध्ये असून उपयोग नाही.

सामानाच्या पिशवीबद्दल हिशेब करायला लावा. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी, चार माणसं, तीन दिवस: ३६ लिटर, म्हणजे ३६ किलो. कुणी उचलणार नाही. म्हणून पाणी घरात वेगळं साठवायचं, आणि उचलायच्या पिशवीत टॉर्च, शिट्टी, औषधं, प्लॅस्टिकमध्ये कागदपत्रांच्या प्रती, चष्मा, जाड तळाच्या चपला आणि पाण्याची एकेक बाटली. टॉर्चच्या बॅटऱ्या बाहेर काढून ठेवा, आत राहिल्या की गळतात. सहा महिन्यांनी तपासणी.

१०. भीती

पडझडीचे व्हिडिओ वर्गात दाखवू नका. लहान मुलांना तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसला की तो पुन्हा घडतोय असं वाटतं. ड्रिलमध्ये खोटं रक्त, किंकाळ्या, नाहीत म्हणजे नाहीत. 'आपली शाळा पडेल का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणून वेळ मारून नेऊ नका. तपासणी झाली आहे, कपाटं बांधली आहेत, तू काय करायचं ते तुला येतं, असं जे खरं असेल ते सांगा. ड्रिलनंतर दोन-तीन दिवस एखादं मूल गप्प असेल तर घरी फोन करा.

११. शिकलं की नाही कसं कळेल

लेखी परीक्षा नको. वऱ्हांड्यात, ग्रंथालयात, बसमध्ये मुलाला थांबवा आणि म्हणा: 'आत्ता, इथे, भूकंप.' पाच सेकंदांत शरीर खाली गेलं तर शिकलं. ते तोंडाने उत्तर देऊ लागलं, तर अजून सराव हवा. हाच प्रश्न शिपाई, ग्रंथपाल आणि बसचालकांनाही विचारा. ड्रिलमधून सगळ्यात जास्त वगळले जातात ते हेच, आणि मुलं त्यांच्याकडे असताना काहीही होऊ शकतं.

दर वर्षी शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात फाइल उघडा: नवी मुलं, बदललेले नंबर, बदली झालेले शिक्षक, सुट्टीत झालेलं बांधकाम. मागच्या वर्षी मोकळं असलेलं फाटक यंदा वाळूच्या ढिगाने बंद असू शकतं, तेव्हा नकाशा हातात घेऊन सगळा रस्ता एकदा पायी चालून या.